मुकादमबाई जेवायला बसतात

इस्पितळाच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत मुकादमबाईंचं राज्य होतं. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले, सगळं पिशव्यांत कोंबून खाली यायचं आणि संध्याकाळपर्यंत घड्या होऊन ढकलगाड्यांतून वर जायचं. एका भिंतीला धुण्याची मोठाली यंत्रं घरघरत असायची आणि मधोमध गरम रोलर. दोघीजणी ओली चादर ताणून रोलरच्या तोंडात द्यायच्या, पलीकडे दोघी ती कोरडी होऊन आली की झेलायच्या आणि पुढे-मागे होत तिची घडी घालायच्या. वाफेनं केस कपाळाला चिकटलेले, पापण्यांवर कापसाची लव. आवाज एवढा की साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. मुकादमबाईंना मात्र ओरडायची वेळ येत नसे. त्यांची एक भुवई वर गेली की कोणाला काय चुकलं ते कळायचं.

बाई अंगानं काटक, चेहऱ्यानं हसऱ्या आणि जिभेनं तिखट. किस्सा सांगण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. एखादा गर्विष्ठ डॉक्टर डगल्याला बटण नाही म्हणून तणतणत खाली आला की बाई त्याच्या पाठीमागे त्याची अशी नक्कल करायच्या की बायकांना हसू आवरेना. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जणी त्यांना वचकून असत आणि त्यांच्यावर जीवही टाकत.

पण त्या कधी बसून जेवत नसत. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या जणी उलट्या टोपल्यांवर, कपड्यांच्या गाठोड्यांवर टेकायच्या आणि एकमेकींच्या डब्यांत हात घालायच्या. बाई खांबाआड, सगळ्यांकडे पाठ करून, उभ्याउभ्या डबा रिकामा करायच्या. घरीही तेच. नवरा आणि लेक टेबलाशी, बाई ओट्याशी. ‘तुम्ही घ्या, मी घेते मागाहून,’ हे ठरलेलं. कुणाकडे जेवायचं बोलावणं आलं की बाईंचं डोकं दुखायचं, नाहीतर ऐनवेळी लॉन्ड्रीतलं यंत्र बिघडायचं. गेल्याच कुठे, तर थेट स्वयंपाकघरात शिरून वाढायला घ्यायच्या. लोक म्हणायचे, किती कामसू बाई आहे.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एखाद्या पुरुषानं रोज असं भिंतीकडे तोंड करून जेवण उरकलं असतं, तर घरच्यांनी आठवड्याभरात विचारलं असतं, काय रे, बरं आहे ना? पण बाईमाणसानं उभ्याउभ्या चार घास पोटात ढकलायचे, यात बघण्यासारखं काय आहे? बाईंनी सगळा संसार असा उभ्यानं केला आणि त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यांची लेक चौदाव्या वर्षात होती. घरात एका जागी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. शाळेच्या धावण्याच्या संघात ती निवडली गेली होती आणि सरावाहून आली की पोटात आग पडल्यासारखी जेवायची. अशाच एका संध्याकाळी तिनं तिसऱ्यांदा भात वाढून घेतला. बाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आणखी किती? हात बघा कसा चालतोय.”

शब्द बाहेर पडले आणि बाईंच्या अंगावर काटा आला. हा आवाज त्यांचा नव्हता. ते शब्द, तो हेल, शेवटी ओठ मुडपणं, सगळं काकूचं होतं, लहानपणी बाई जिच्या घरी राहिल्या त्या काकूचं. लेकीनं चमचा खाली ठेवला, ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं आणि आपल्या खोलीत निघून गेली. बाईंना मागोमाग जायचं होतं. पण त्या ओटाच पुसत राहिल्या.

त्यानंतर पोरीला भूक लागेनाशी झाली. ‘शाळेत खाल्लं’, ‘नको, पोट भरलंय’, असं चाललं. एक दिवस बाई कामावरून लवकर घरी आल्या, तर भिंगरी स्वयंपाकघरात उभी. दाराकडे पाठ, खांदे वर ओढलेले, पावाचे लचके भराभर तोंडात कोंबत होती. चाहूल लागली तशी दचकली आणि तिनं पाव पाठीमागे लपवला.

आपल्यालाच कुणीतरी समोर आणून उभं केलंय, असं बाईंना वाटलं. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी नळ मोठा सोडला आणि टबाच्या कडेवर बसून राहिल्या.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, चाकांच्या खुर्च्या ठेवायच्या खोलीशेजारी, समुपदेशक बाईंची खोली होती. नोकरवर्गाला तिथं जायची मुभा होती. लॉन्ड्रीत तिला गप्पांची डॉक्टर म्हणत आणि हे नाव अर्थातच मुकादमबाईंनीच पाडलेलं होतं. ‘गप्पा मारून माणूस बरं होत असेल तर आमच्या रोलरवरच्या चौघींना सर्जन करा,’ असं त्या म्हणायच्या.

त्याच मुकादमबाई दुसऱ्या दिवशी त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत एक तिशी-पस्तिशीची बाई होती. जाड भिंगांचा चष्मा, नाक सर्दीनं लाल.

“पडदे धुवायला न्यायचे होते,” मुकादमबाई म्हणाल्या.

“परवाच धुऊन आलेत,” समुपदेशक म्हणाली.

“मग नीट धुतलेत का ते बघते.”

“बघा ना. दार लावून घेतलंत तरी चालेल.”

बाईंनी दार लावलं. पडद्याची शिवण तपासली, खालची पट्टी तपासली, कडी तपासली. समुपदेशकेनं नाक पुसलं. पडद्यात बघण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बाई म्हणाल्या, “इथं बोललेलं वर साहेबांपर्यंत जातं का?”

“वरही जात नाही आणि खालीही जात नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच मला बोलावं लागतं. तेसुद्धा आधी तुम्हाला सांगून.”

“मला काही झालेलं नाही. लेकीचं विचारायचं होतं.”

“विचारा.”

“आता नको. रोलर चालू आहे.”

“मंगळवारी दुपारी माझ्याकडे कुणी नसतं,” समुपदेशक म्हणाली. “पडदे त्या वेळी बघायला आलात तर बरं पडेल.”

बाई मंगळवारी गेल्या. पुढच्या मंगळवारीही गेल्या. लेकीचं बोलल्या, नवऱ्याचं बोलल्या, लॉन्ड्रीतले किस्से सांगून त्या बाईला सर्दीतही हसवलं. मनात म्हणाल्या, हे तर सोपं आहे. असंच एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, “खाण्यावरनं आठवलं. मी लहानपणी एकदा अख्खा पाव खाल्ला होता, एका बैठकीत. ऐका, गंमत आहे.”

आणि त्यांनी ती गंमत सांगितली.

आई गेली तेव्हा बाई म्हणजे सात वर्षांची पोर होती. बाबांना दूरच्या बंदरात काम मिळालं, तिथं पोरीला नेण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तिला काका-काकूंकडे ठेवलं. काकूच्या घरात टेबल होतं, पण तिच्यासाठी खुर्ची नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून खायचं आणि काकू बघत राहायची. ‘हात बघा कसा चालतोय.’ ‘बापानं इथं आणून टाकली, पोट मात्र बरोबर पाठवलं.’ ती घाईघाईनं गिळायला शिकली. चावत बसलं की बोलणी जास्त बसत.

नऊ वर्षांची असताना एकदा घरी पाहुणे आले. त्या गडबडीत सकाळपासून तिला कुणी खायला दिलं नव्हतं. तिनं पावाचं टोक मोडून घेतलं. काकूला तिच्या फ्रॉकवर कण दिसले. काकू रागावली नाही. गोड आवाजात म्हणाली, “ये, आज तू टेबलाशी बैस.” पाहुण्यांच्या मधोमध खुर्ची ओढली, उंची पुरावी म्हणून वर उशी ठेवली आणि अख्खा हातभर पाव पुढ्यात ठेवला. “भूक लागलीय ना? संपवल्याशिवाय उठायचं नाही.” पाणी दिलं नाही. पाहुणे हसत होते. काका हसत होते. तिच्याहून लहान चुलतभाऊ टाळ्या वाजवत हसत होता. ती खात राहिली, आणि मग ते सगळं टेबलक्लॉथवर उलटून पडलं.

“आणि तो टेबलक्लॉथ मलाच धुवायला लावला,” मुकादमबाई हसत म्हणाल्या. “तेव्हापासून धुतेच आहे बघा.”

समुपदेशक हसली नाही.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही हसला नाहीत.”

“नाही. मला हसू आलं नाही.”

“सगळे हसतात.”

“कुणाकुणाला सांगितलीत ही गोष्ट?”

बाई आठवायला लागल्या. नवऱ्याला सांगितली नव्हती. लॉन्ड्रीत सांगितली नव्हती. कुणालाच नाही. सगळे हसतात म्हणजे कोण? ते टेबलाभोवतीचे. त्यांच्या डोक्यात ते पाहुणे अजून हसत बसले होते. इतकी वर्षं झाली, त्यातले बरेचजण केव्हाच मातीआड झाले, तरी हसणं थांबलं नव्हतं.

त्यांना रडू आलं नाही. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. समुपदेशकेनं पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

गोष्ट इथं संपायला हवी होती, बोललं आणि मोकळं झालं, असं. तसं झालं नाही. उलट बाईंचं सगळंच बिनसलं. झोप उडाली. नवऱ्यावर विनाकारण खेकसायला लागल्या. एकदा रोलरपुढे उभ्याउभ्या कुठेतरी हरवल्या आणि चादर अडकून करपली. लॉन्ड्रीभर जळका वास पसरला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, कारण असं कधी झालं नव्हतं. ‘खपली काढून ठेवली त्या बाईनं,’ असं मनाशी म्हणत त्यांनी तिसऱ्या मजल्यावर जाणं बंद केलं.

एक दिवस दोघी लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या. बाईंनी ढकलगाडीच्या आड तोंड लपवलं. समुपदेशक उतरताना एवढंच म्हणाली, “मंगळवार मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.”

त्या मंगळवारी बाई भांडायला म्हणूनच वर गेल्या. दारातूनच म्हणाल्या, “तुमच्याकडे यायला लागल्यापासून माझं जास्तच बिघडलंय. आधी मी बरी होते. उभ्यानं का होईना, जेवत तरी होते. आता तेही जात नाही.”

“हो, असं होतं,” समुपदेशक म्हणाली. “दाबून ठेवलेलं वर आलं की मधे काही दिवस फार जड जातात. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझं चुकलं.”

बाईंचं उरलेलं भांडण तोंडातच राहिलं. आजवर कुणी त्यांना ‘माझं चुकलं’ असं सरळ, मधे ‘पण’ न घालता म्हटलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या.

त्यानंतर मात्र काम सुरू झालं. काम हाच शब्द बाई वापरायच्या. “आजचं काम फार दमवणारं होतं,” असं म्हणायच्या, जसं एखाद्या दिवशी चादरींचा ढीग जास्त यावा. बाबांचं सगळ्यात अवघड होतं. बाबा दोन वर्षांनी न्यायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “काकूनं नीट सांभाळलं ना गं?” काकू मागेच उभी होती. पोरगी म्हणाली, “हो.” बाबा काकूच्या पाया पडले. पुढे ते वारलेसुद्धा, पण त्यांना कधी कळलं नाही.

“मी बाबांशी खोटं बोलले,” बाई म्हणाल्या.

“त्या पोरीला दुसरं काय बोलता आलं असतं? ती नाही म्हणाली असती, काकूनं तिलाच खोटं पाडलं असतं आणि बाबांनी न्यायचं रद्द केलं असतं तर?”

खरंच, त्या वेळी तिला नेमकी हीच भीती वाटली होती, हे बाई विसरून गेल्या होत्या. ते खोटं नव्हतं. ती सुटायची धडपड होती, आणि ती सुटली होती.

“पण मी हावरट होते, हे काही खोटं नाही,” त्या हट्टानं म्हणाल्या. “पोट भरायचंच नाही माझं.”

“नऊ वर्षांचं मूल दिवसाला किती खातं हो?” समुपदेशकेनं विचारलं. “मला मूल नाही. तुम्ही वाढवलंय.”

“नऊ वर्षांचं?” बाई आपल्या किस्स्यांच्या सुरात शिरल्या. “अहो, ते वय म्हणजे नुसतं उधाण. आमची भिंगरी सकाळी दूध आणि दोन अंडी खाऊन जायची, शाळेतून आली की पाव, मग खेळून आली की केळी, आणि रात्री जेवून वर ‘आई, अजून काय आहे’ म्हणून फडताळं उघडायची. वाढतं अंग असतं. त्यांना लागतंच. त्या वयात पोराला भूक लागली नाही तर आईनं काळजी...”

त्या मधेच थांबल्या. मुकादमबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. काकूच्या दारात उभं राहून जेवणाऱ्या त्या लहान पोरीसाठी रडल्या. आजवर त्या तिचा राग राग करत आल्या होत्या.

घरी सांगायचं त्यांनी सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या चहाला ठरवलं. नवरा शहरबसचा ड्रायव्हर, मितभाषी माणूस. बाईंनी कप घेतला आणि ओट्याशी न जाता त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या. त्यानं वर पाहिलं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. चहा गार झाला.

शेवटी तो म्हणाला, “मला वाटायचं, तुला माझ्यासमोर बसायला आवडत नाही.”

“अहो, काहीतरीच काय?”

“लग्न झाल्यापासून. पहिल्या दिवशी मी तुझ्यासाठी खुर्ची ओढली होती आणि तू ओट्याकडे गेलीस. मला वाटलं, आपलं जेवताना तोंड वाजतं म्हणून असेल.” त्यानं कप बशीत फिरवला. “तेव्हापासून मी तोंड मिटून जेवतो.”

बाई हसायला लागल्या. मग तोही हसला. एवढ्या वर्षांचा गैरसमज, आणि तोही तोंड वाजण्यावरून. बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि त्यानं तो स्टिअरिंग धरावं तसा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

लेकीशी बोलणं त्याहून जड गेलं. “त्या दिवशी मी तुला बोलले ते शब्द माझे नव्हते,” बाई तिला म्हणाल्या. “पण तोंड माझं होतं. माझं चुकलं. तुला हवं तेवढं तू खायचं.” भिंगरीनं आधी खांदे उडवले. मग विचारलं, “कोणाचे होते शब्द?” बाईंनी पोरीच्या वयाला झेपेल एवढं सांगितलं. पोरगी लालबुंद झाली. “मला ने त्या काकूकडे. मी बोलते तिच्याशी.” बाईंना वाटलं, माझ्या बाजूनं कुणी असं उठलंच नव्हतं कधी.

बसून जेवणं एका दिवसात जमलं नाही. आधी चहा, मग चहाबरोबर बिस्कीट, मग अर्धं जेवण. कधी घास अर्ध्यावर टाकून त्या उठून ओट्याकडे पळायच्या. नवरा म्हणायचा, “असू दे, उद्या बघू.” समुपदेशकेनं त्यांना एक शिकवलं होतं. डोक्यातले पाहुणे हसायला लागले की पाय जमिनीवर टेकवायचे, समोर कोण कोण बसलंय ते नीट बघायचं, आणि स्वतःला सांगायचं की हे घर माझं आहे. बाई मनात म्हणायच्या, हा नवरा. ही लेक. हे टेबल आम्ही दोघांनी जिन्यातून घामाघूम होत वर आणलंय. हळूहळू घास उतरायला लागले.

अशातच चुलतभावाचा फोन आला. “ताई, आईला ऐंशी पूर्ण होतायत. सगळे जेवायला जमतोय. तू कधी येत नाहीस, या वेळी ये.”

“जायलाच हवं असं काही नाही,” समुपदेशक म्हणाली.

“तेच तर. जायलाच हवं असं नाही, म्हणून जावंसं वाटतंय.”

“काकूकडून काय हवंय तुम्हाला?”

“काही नको. जेवून यायचंय.”

चुलतभावाच्या घरी लांब टेबल मांडलं होतं. बाईंच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भिंगरी. समोर काकू. किती लहान झाली होती ती. बोटं वाकडी झालेली, मान हलत होती. बाईंना क्षणभर वाटलं, हिला भ्यायले मी एवढी वर्षं? वाढणं झालं. बाईंनी पहिला घास घेतला आणि काकूनं मान वर केली.

“अगंबाई, ही टेबलाशी बसली,” काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “हिच्यापुढे पाव ठेवू नका रे. लहानपणी एका बैठकीत अख्खा पाव संपवलाय हिनं.”

दोघेतिघे हसले. नवऱ्याचा हात टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर आला. भिंगरी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. बाईंनी तिच्याकडे पाहून नुसती भुवई वर केली. पाय जमिनीवर टेकवले. घास नीट चावला, गिळला, आणि मग बोलल्या.

“काकू, ती गोष्ट तशी नाही. मी सांगते.” आवाज चढला नव्हता, पण टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेला. “मी नऊ वर्षांची होते. सकाळपासून मला कुणी खायला दिलं नव्हतं. मी पावाचं टोक घेतलं. तुम्ही मला पाहुण्यांच्या मधे बसवलंत आणि उलटी होईपर्यंत अख्खा पाव खायला लावलात. मी हावरट नव्हते. भुकेली होते. ही गोष्ट यापुढे विनोद म्हणून सांगायची नाही.”

चमच्यांचा आवाज थांबला.

“तेव्हा पोरांना असंच वळण लावायचे,” काकू पुटपुटली.

“तुमच्या मुलाला नाही लावलंत.”

सगळ्यांनी चुलतभावाकडे पाहिलं. पन्नाशीला टेकलेला तो माणूस ताटाकडे बघत होता. “ताई खरं सांगतेय,” तो म्हणाला. “मी तिथंच होतो. हसत होतो मी. नाही हसलो तर पुढचा नंबर माझा, असं वाटलं होतं मला.” त्यानं मान वर केली. “ताई, मी कधी बोललो नाही गं.”

“तू सहा वर्षांचा होतास,” बाई म्हणाल्या. हे वाक्य इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

काकूनं ओठ मुडपले. “मला काही आठवत नाही.”

“मला आठवतं. तेवढं पुरे,” बाई म्हणाल्या, आणि चुलतभावाच्या बायकोकडे वळल्या. “वहिनी, तो भात जरा इकडे द्या.”

त्यांनी भात घेतला, वर भाजी घेतली आणि सावकाश जेवल्या. कुणी हसलं नाही. हळूहळू बोलणी सुरू झाली, हवापाण्याची, पोरांच्या शाळेची. बाई ऐकत होत्या, मधेमधे बोलत होत्या. भाजीत मीठ कमी होतं. हेसुद्धा त्यांना कळलं. आजवर बाहेरचं अन्न त्या नुसतं गिळत आल्या होत्या. त्याला चव असते हे तपासायला वेळच कुठे होता?

परत येताना बस भरलेली नव्हती. नवरा, दुसऱ्याच्या बसमध्ये बसला की नेहमी करायचा तसा, ड्रायव्हरच्या प्रत्येक ब्रेकला तोंड वाकडं करत होता. “क्लच बघ कसा सोडतोय, पीठ मळतोय की बस चालवतोय?” तो म्हणाला, आणि बाईंना असं हसू लोटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भिंगरी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “आई, तू काय बोललीस गं. त्या टोकाच्या मामांच्या हातातला चमचा तसाच राहिला होता.” बाई म्हणाल्या, “हो ना? मला घाबरायला झालं होतं.” “दिसलं नाही,” भिंगरी म्हणाली. “दिसायचं नसतंच ते,” बाई म्हणाल्या, आणि मग, “म्हणजे, दिसलं तरी चालतं.”

त्यानंतर काही दिवसांनी लॉन्ड्रीत बाईंची नजर दुपारच्या सुट्टीवर पडली. उलट्या टोपल्या, गाठोडी, मांडीवर डबे, वर कपड्यांच्या पिशव्यांचा वास. रोजचंच दृश्य, पण त्यांना एकदम वाटलं, एवढ्या बायका दिवसभर उभ्या राबतात आणि यांना बसून जेवायला जागा नाही? त्या व्यवस्थापक साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, जागा नाही. बाई म्हणाल्या, मोडक्या खाटा ठेवलेली खोली आहे. साहेब म्हणाले, बघू. बाई म्हणाल्या, बघा, मी बसते. आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, कुणी बसा म्हणायची वाट न बघता, ऐसपैस बसल्या. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी खोलीची किल्ली मिळाली.

मोडक्या खाटा बायकांनी स्वतः बाहेर काढल्या. भिंती घासल्या. कुठून दोन टेबलं मिळवली, एक ठेंगणं, एक उंच, आणि ती एकमेकांना लावली. चादरी तर घरच्याच, रद्दीत काढलेल्या. त्यातली एक कडक रोलर करून वर अंथरली. पहिल्या दिवशी सगळ्या दाराशी घुटमळल्या, आधी कुणी बसायचं म्हणून. मुकादमबाई आत गेल्या, मधली खुर्ची ओढली आणि डबा उघडला. “या गं, थंड होतंय,” त्या म्हणाल्या. मग खुर्च्या सरकल्या, डबे उघडले, हात इकडून तिकडे जायला लागले, आणि रोलरवरची एकजण बाईंच्या डब्यात डोकावत म्हणाली, “अगंबाई, तुम्ही हे खाता होय? आम्हाला कधी दिसलंच नाही.” बाईंनी डबा तिच्यापुढे सरकवला.

समुपदेशकेला त्यांनी हे सगळं मंगळवारी सांगितलं, या वेळी नकलांसकट, साहेबांनी घड्याळ कसं पाहिलं ते करून दाखवत. ती बाई मनापासून हसली, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाली, “मला वाटतं, आता दर आठवड्याला यायची गरज नाही. कधी अडलं तर या. तुम्हाला काय वाटतं?”

“मलाही तेच सांगायचं होतं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या मंगळवारी तसंही जमायचं नाही. आम्ही लॉन्ड्रीतल्या सगळ्या बाहेर जेवायला चाललोय. रोलर दुपारभर बंद. साहेबांना सांगितलंय, ओरडू नका.”

“काय म्हणाले?”

“ओरडले,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. खाली ऑपरेशनच्या डगल्यांच्या पिशव्या येऊन पडल्या असतील, त्या लगेच यंत्रात जायला हव्या होत्या.